होम थिएटर पीसीसाठी सॅटेलाइट ट्यूनर कार्ड: एकच केबल, दोन चॅनेल, लिनक्स. कोणतं घ्यावं?

कर्वेनगरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. हॉलमधल्या पीसीवर कोडी (टीव्हीवर व्हिडिओ बघायचं सॉफ्टवेअर) चालू आहे, त्यालाच छत्रीवरचे चॅनेल जोडायचे आहेत. वेगळा बॉक्स, वेगळा रिमोट नको. मशीन आय३-१०१००, ८ जीबी रॅम, मायक्रो एटीएक्स बोर्ड. पीसीआय एक्सप्रेसचा एक एक्स१६ आणि एक एक्स१ स्लॉट, दोन्ही रिकामे. उबुंटू २२.०४.

इमारत सात मजली, फ्लॅट चौथ्यावर. गच्चीवर जुन्या डीटीएच कनेक्शनची ६० सेंमीची छत्री पडून आहे. तिची आरजी-६ केबल डक्टमधून हॉलपर्यंत येते, अंदाजे ३० मीटर. दुसरी केबल ओढायला सोसायटी हो म्हणेल असं दिसत नाही.

हवंय ते असं: सह्याद्री आणि बातम्यांचे चॅनेल, एक बघताना दुसरा रेकॉर्ड. घरात मराठी मालिकांचे पेड चॅनेलही बघितले जातात, ते याच कार्डावर येतील का? पुण्याच्या तापकीर गल्लीत 'टीव्ही ट्यूनर कार्ड' म्हणून जे दाखवलं त्यावर अँटेनाचं एक सॉकेट आणि एफएम असं लिहिलं होतं. दुसऱ्या दुकानात यूएसबीची काडी पुढे केली, 'यावर सगळं येतं' म्हणाले. ऑनलाइन टीबीएस कंपनीची ६९०२, ६९०५, ५९२७ अशी नावं दिसतात. किती ट्यूनरचं घेऊ?

डीबीमीटर

पेड चॅनेलचं आधी मिटवू, कारण त्यावर बाकी सगळं ठरतं. खाजगी डीटीएचचे पेड चॅनेल एन्क्रिप्टेड असतात. कार्ड सिग्नल पकडेल, चॅनेलचं नावही यादीत दिसेल, पण चित्र येणार नाही. सीआय स्लॉटवाली कार्डं मिळतात हे खरं, पण त्या स्लॉटमध्ये घालायचं मोड्यूल आणि ते उघडणारं व्ह्यूइंग कार्ड कंपनीने द्यायला लागतं. बॉक्ससोबत आलेलं कार्ड त्याच बॉक्सशी बांधलेलं असतं. बॉक्सचं एचडीएमआय कॅप्चर कार्डात घालायचा विचार असेल तर तिथे एचडीसीपी (एचडीएमआयचं कॉपी-संरक्षण) आडवं येतं आणि काळा पडदा मिळतो. मालिकांसाठी बॉक्स ठेवा किंवा त्या त्या वाहिनीचं ॲप वापरा. सीआय स्लॉटवर एक रुपया जास्त घालू नका.

म्हणजे उरलं एफटीए (फ्री टू एअर, बिनपैशाचे उघडे चॅनेल), आणि आपल्याकडे छोट्या छत्रीवर एफटीए म्हणजे डीडी फ्री डिश. २००४ च्या डिसेंबरात 'डीडी डायरेक्ट प्लस' नावाने सुरू झालेली हीच ती सेवा. सध्या ती ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ वर आहे. तिचे काही ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचा एकेक पट्टा, त्यावर बरेच चॅनेल एकत्र येतात) डीव्हीबी-एस (सॅटेलाइट टीव्हीचं जुनं मानक) आणि एमपीईजी-२ चे, काही डीव्हीबी-एस२ (त्याचं पुढचं मानक) आणि एमपीईजी-४ चे. त्यामुळे पहिली अट डीव्हीबी-एस२. जुन्या बाजारात स्कायस्टार २ सारखी पीसीआय कार्डं अजून फिरतात. ती फक्त डीव्हीबी-एस पकडतात, अर्धी यादी गायब राहते. शिवाय तुमच्या बोर्डावर साधा पीसीआय स्लॉट नाहीच.

तापकीर गल्लीत दाखवलेलं एफएमवालं कार्ड ॲनालॉग केबलसाठीचं आहे. पुण्यात केबल डिजिटल करण्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती, तेव्हापासून त्या कार्डाला खायला काही उरलेलं नाही. यूएसबीची काडी बहुतेक डीव्हीबी-टी ची असणार. ती जमिनीवरच्या टॉवरसाठी असते, तिच्यातून एलएनबीला (छत्रीच्या पुढची, सिग्नल पकडून केबलमध्ये सोडणारी डबी) वीज जातच नाही. ओळखायची खूण सोपी: सॅटेलाइट कार्डावर आट्यांचं एफ सॉकेट असतं आणि कागदावर ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं. हे दोन नसतील तर ठेवून द्या.

आता किती ट्यूनर. इथे बहुतेक जण चॅनेल मोजतात, मोजायचे असतात ट्रान्सपाँडर. एक ट्यूनर एका वेळी एक पूर्ण ट्रान्सपाँडर आत घेतो, आणि त्यावरचे सगळे चॅनेल तुम्हाला एकदम उपलब्ध असतात. सिम्बॉल रेट २९५००, क्यूपीएसके, एफईसी ३/४ (ही ट्रान्सपाँडरच्या सिग्नलची मापं) धरलं तर एका ट्रान्सपाँडरवर साधारण ४०.८ मेगाबिट प्रतिसेकंद येतात. त्यात बरेच एसडी चॅनेल बसतात. बघायचा आणि रेकॉर्ड करायचा चॅनेल एकाच ट्रान्सपाँडरवर असेल तर एकच ट्यूनर पुरतो. वेगळ्या ट्रान्सपाँडरवर असेल तर दोन लागतात. तुमच्या घराला दोन भरपूर. चार ट्यूनरचं ६९०५ किंवा आठचं ६९०९ हे पूर्ण इमारतीला नेटवर्कवर टीव्ही देणाऱ्यांचं काम.

एका केबलवर दोन ट्यूनर कसे, हा तुमचा खरा अडसर. सर्वसाधारण नियम असा की प्रत्येक ट्यूनरला एलएनबीपासून स्वतंत्र केबल लागते. कारण ट्यूनर केबलमधूनच एलएनबीला सांगतो की काय पाठव: १३ व्होल्ट म्हणजे व्हर्टिकल, १८ म्हणजे हॉरिझाँटल, २२ किलोहर्ट्झचा टोन नसेल तर लो बँड, असेल तर हाय बँड. एकाच केबलवर दोन ट्यूनरनी दोन वेगळे हुकूम सोडले तर जो १८ व्होल्ट देतो तो जिंकतो आणि दुसऱ्याचं चित्र जातं. पण फ्री डिशचे ट्रान्सपाँडर व्हर्टिकल आहेत आणि ११७०० मेगाहर्ट्झच्या खाली, म्हणजे लो बँडमध्ये. दोन्ही ट्यूनर नेहमी एकच मागणार: १३ व्होल्ट, टोन बंद. भांडण लागायला कारणच नाही. त्यामुळे पीसीच्या मागे सॅटेलाइटचा टू-वे स्प्लिटर लावला की काम झालं. स्कॅन झाल्यावर मक्सच्या (म्हणजे ट्रान्सपाँडरच्या) यादीत प्रत्येक ओळीत व्ही (व्हर्टिकल) आहे ना, एवढं बघून घ्या.

स्प्लिटरवर 'डीसी पास' (एलएनबीची वीज पलीकडे जाऊ देणारा) लिहिलेलं हवं आणि रेंज किमान २१५० मेगाहर्ट्झपर्यंत हवी. केबलवाल्याकडचा ५ ते १००० मेगाहर्ट्झचा स्प्लिटर चालत नाही, कारण फ्री डिशचा ११०९० चा ट्रान्सपाँडर केबलमध्ये ११०९० उणे ९७५० (एलएनबी जेवढे वजा करते तो आकडा, त्यालाच एल.ओ. म्हणतात), म्हणजे १३४० मेगाहर्ट्झवर येतो.

कार्डाचं नाव हवं असेल तर टीबीएस ६९०२. दोन ट्यूनर, एक्स१ स्लॉटमध्ये बसतं. ६९०३ मध्ये जे जास्तीचं आहे ते व्यावसायिक फीड पकडणाऱ्यांसाठी, घरी उपयोग नाही. ५९२७ यूएसबी आहे आणि एका ट्यूनरचं.

टक्स_पेठेत

डीबीमीटर यांच्या गणिताला हात लावायची गरज नाही. फक्त कार्डाच्या नावावर एक अडथळा सांगतो: लिनक्सवर कार्ड निवडायचं ते ड्रायव्हर बघून.

दोन जाती आहेत. एक, ज्यांचा ड्रायव्हर कर्नेलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यात) आहे. डिजिटल डिव्हायसेस कंपनीची कार्डं यात येतात, डीव्हीबीस्कायची जुनी मॉडेलंही. यांना फार तर फर्मवेअरची फाइल जागेवर ठेवायची, बाकी काही नाही. दुसरी जात टीबीएसची: बहुतेक मॉडेलांसाठी त्यांचाच वेगळा मीडिया ड्रायव्हर सोर्सवरून बांधायला लागतो. तो बांधताना कर्नेलमधला सगळा मीडियाचा गट बदलला जातो. मशीनला वेबकॅम किंवा दुसरा ट्यूनर असेल तर तो त्यानंतर रुसू शकतो. आणि मुख्य म्हणजे कर्नेल अपडेट झालं की ड्रायव्हर पुन्हा बांधायचा. रात्री आपोआप अपडेट झालं, सकाळी रीबूट केलं आणि एकही चॅनेल नाही, ही टीबीएसवाल्यांची नेहमीची तक्रार. कार्ड बिघडलेलं नसतं.

६९०२ घेणार असाल तर हे तीन उपाय आधीच करून ठेवा. २२.०४ वर मूळचं ५.१५ कर्नेल ठेवा, एचडब्ल्यूईच्या (उबुंटूच्या नव्या कर्नेलच्या) मागे जाऊ नका. कर्नेलची पॅकेजं होल्डवर टाका आणि अपडेट सवडीने हाताने करा. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा, नाहीतर बांधलेलं मोड्यूल सही नसल्यामुळे नाकारलं जातं आणि लॉगमध्ये 'की रिजेक्टेड' दिसतं. मोड्यूलवर स्वतः सही करता येते, पण दर वेळी बांधल्यावर ती पुन्हा करायची. हॉलमधल्या टीव्हीच्या मशीनला एवढा उपद्व्याप कशाला?

ड्रायव्हर लागला की नाही हे कोडी उघडण्याआधी तपासा. एलएसपीसीआयमध्ये (स्लॉटमधली कार्डं दाखवणारी आज्ञा) कार्ड दिसायला हवं. ते नसेल तर स्लॉट किंवा बसवणी बघा. डीमेसेजमध्ये (कर्नेलचा लॉग) ड्रायव्हर लोड झाल्याची ओळ हवी. 'फर्मवेअर नॉट फाउंड' असेल तर फाइलचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते पाहा. शेवटी डेव्हच्या खाली डीव्हीबी फोल्डरमध्ये ॲडाप्टर ० आणि १ असे दोन दिसले पाहिजेत. दोन दिसले आणि तरी टीव्हीहेडएंडमध्ये (ट्यूनर सांभाळून कोडीला चॅनेल देणारं सॉफ्टवेअर) ट्यूनर रिकामे, तर त्याचा एचटीएस हा यूजर व्हिडिओ ग्रुपमध्ये नाही असं समजा.

जुनं, वापरलेलं डीव्हीबीस्काय कोणी विकत असेल तर मॉडेलच्या नावावर जाऊ नका. त्याच नावाच्या नंतरच्या आवृत्तीत चिप बदललेली असते, आणि आधीच्या चिपला कर्नेलचा आधार आहे म्हणून नंतरच्या चिपला असेलच असं नाही. विकणाऱ्याकडून एलएसपीसीआयचं आउटपुट मागवा, त्यातला सबसिस्टम आयडी शोधा, मग पैसे द्या.

विंडोजवर हा त्रास नाही, बीडीए ड्रायव्हर टाकला की डीव्हीबीव्ह्यूअर किंवा नेक्स्टपीव्हीआर चालू. विंडोज मीडिया सेंटर मात्र १० पासून काढून टाकलंय, जुन्या मार्गदर्शकांमध्ये त्याचं नाव दिसेल तर पुढे जा.

लॅनवाला

कार्ड घेताच कशाला? सॅट टू आयपी ट्यूनर घ्या. केबल त्या डब्यात, डब्यातून लॅन राउटरला. टीव्हीहेडएंड तो नेटवर्कवर स्वतः शोधतो. ड्रायव्हर नाही, कर्नेल होल्ड नाही, सिक्युअर बूट चालू राहू द्या. उद्या पीसी बदलला, लॅपटॉपवर बघायचं झालं, बेडरूमच्या टीव्हीवर हवं झालं तरी हार्डवेअर तेच. पीसीच्या कॅबिनेटमधली उष्णताही वाचते.

टक्स_पेठेत

@लॅनवाला, मान्य, एका अटीवर: डबा आणि पीसी दोन्ही तारेने जोडलेले हवेत. सॅट टू आयपीचा प्रवाह सहसा यूडीपीवर जातो, हरवलेलं पॅकेट परत मागायची सोय त्यात नाही. वायफायवर चित्रात चौकोन दिसायला लागतात आणि माणूस गच्चीवर जाऊन छत्री हलवत बसतो. धागाकर्त्यांचा पीसी राउटरजवळ असेल तर हा पर्याय कार्डापेक्षा बरा. नसेल तर कार्ड.

गच्चीचा_पाना

कार्डावर इतकं झालं, पण गच्चीवरची छत्री कुठे तोंड करून आहे ते कोणी विचारलं नाही. जुनी डीटीएचची छत्री आहे म्हणजे ती बहुधा दुसऱ्या उपग्रहाकडे बघते आहे. तीच वापरता येईल, तसं असेल तर फक्त फिरवायला लागेल.

पुण्याहून ९३.५ पूर्वेसाठी दिशा खऱ्या उत्तरेपासून १३२ अंश, म्हणजे जवळजवळ बरोबर आग्नेय. उंचीचा कोन ५८.८ अंश. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशभराचाही फरक नाही, त्यामुळे होकायंत्र सरळ वापरा. मात्र छत्रीच्या लोखंडी खांबापासून दोन-तीन पावलं लांब उभं राहून दिशा घ्या, खांबाला टेकवून नाही.

छत्री ऑफसेट प्रकारची (एलएनबी मध्यासमोर नसून खालच्या बाजूला) असते, त्यामुळे डोळ्यांना ती ५९ अंश वर बघते आहे असं वाटणार नाही. ऑफसेट २४ अंशांच्या आसपास धरला तर छत्रीचं तोंड उभ्या रेषेपासून ३५ अंशच मागे झुकलेलं दिसेल. मागच्या ब्रॅकेटवर अंशांची पट्टी असेल तर तिच्यावर ५९ लावा. पट्टी खांब सरळ उभा आहे असं गृहीत धरते, म्हणून आधी खांबाला दोन बाजूंनी लेव्हल लावून बघा. खांब तिरका असेल तर पट्टीवरचा आकडा खोटा.

तिसरा कोन सगळे विसरतात, तो एलएनबीचा. पुण्यासाठी तो जवळजवळ ४५ अंश निघतो. छत्रीच्या मागे उभं राहून उपग्रहाकडे तोंड केलं तर एलएनबी घड्याळाच्या उलट दिशेला फिरवायची. छत्रीच्या समोर उभे असाल तर तीच दिशा घड्याळाच्या काट्यांची दिसते, इथे हमखास घोळ होतो. ४५ ही सुरुवात समजा, मग मीटर बघत पाच-पाच अंश इकडे-तिकडे. एलएनबी सरळ उभी ठेवली तर व्हर्टिकल आणि हॉरिझाँटल एकमेकांत मिसळतात: सिग्नलची पट्टी भरलेली आणि क्वालिटी शून्य. त्याच उपग्रहावर हॉरिझाँटलवर दुसरी डीटीएच सेवा जोरात आहे, त्यामुळे हे इथे जास्तच जाणवतं.

क्रम असा: उंची लावून बोल्ट अर्धवट आवळा (१३ चा पाना लागतो), मग आडवी दिशा अगदी सावकाश फिरवा. सेंटिमीटरभर हलवा, थांबा, दोन-तीन सेकंद लॉक होऊ द्या. भराभर फिरवली तर उपग्रह निघून जातो आणि कळतही नाही. मीटर म्हणून कार्ड वापरू नका, वर-खाली फोन करत बसायला लागतं. फ्री डिशचा साधा बॉक्स आणि छोटा टीव्ही गच्चीवर न्या किंवा सॅट फाइंडर घ्या. ११०९०, व्हर्टिकल, २९५०० हा ट्रान्सपाँडर लावून ठेवा.

गच्चीऐवजी बाल्कनीत लावायचा विचार असेल तर आग्नेयेला तोंड हवं, आणि वरच्या मजल्याचा स्लॅब बघा. कोन ५९ अंश आहे, म्हणजे स्लॅब छत्रीच्या २ मीटर वर असेल तर त्याची कड छत्रीच्या पुढे १.२ मीटरपेक्षा जास्त आलेली नको. समोरच्या इमारतीचं तेच गणित: तुमच्या छत्रीपेक्षा १० मीटर उंच असेल तर किमान ६ मीटर लांब हवी.

पावसाळ्यासाठी ६० सेंमी काठावर चालते. ७५ ची घेतली तर जवळजवळ २ डीबी जास्त मिळतात, ९० ची घेतली तर साडेतीन. मुसळधार पावसात दहा-पंधरा मिनिटं चित्र जाणं हे ६० वर होणारच.

कर्वेनगरी

एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं, आभार. राउटर दुसऱ्या खोलीत आहे, त्यामुळे कार्डच. जुन्या एलएनबीवर स्टिकर अजून वाचता येतो: एल.ओ. १०.६ गिगाहर्ट्झ, एवढंच लिहिलंय. चालेल का? आणि ३० मीटर केबल, वर स्प्लिटर, सिग्नल कमी पडणार नाही ना? ॲम्प्लिफायर लावू का?

डीबीमीटर

एलएनबी बदला. स्टिकरवर एकच १०.६ आहे म्हणजे ११०९० उणे १०६००, केबलमध्ये ४९० मेगाहर्ट्झ. ट्यूनर ९५० च्या खाली ऐकतच नाही. छत्री अगदी अचूक लावली तरी एक चॅनेल येणार नाही, आणि दोष कार्डाला मिळेल. नवी घेताना स्टिकरवर ९.७५/१०.६ हे दोन्ही आकडे बघून घ्या. त्यालाच युनिव्हर्सल म्हणतात.

ॲम्प्लिफायर अजिबात नको. १३४० मेगाहर्ट्झला आरजी-६ मध्ये ३० मीटरला ७-८ डीबी जातात, स्प्लिटरमध्ये साधारण ४. एलएनबीचा गेन ५० ते ६० डीबी असतो, त्यातून १२ गेले तर ट्यूनरला भरपूर उरतं. चित्र ठरतं सिग्नल आणि नॉइझच्या गुणोत्तरावर, आणि ते छत्री-एलएनबीपाशीच ठरलेलं असतं. ॲम्प्लिफायर दोन्ही वाढवतो. टीव्हीहेडएंडमध्ये हे गुणोत्तर एसएनआर नावाने डीबीत दिसतं, तोच आकडा धरून चाला. डीव्हीबी-एस२ च्या ८पीएसके २/३ (सिग्नल भरायची एक पद्धत) ला ६.६ डीबीच्या वर लागतात, ३/४ ला ७.९. कोरड्या हवेत त्याच्यावर किमान चार-पाच डीबी शिल्लक असतील तर पाऊस झेपतो. आधीच काठावर असाल तर छत्री मोठी करा, कार्ड बदलून काही होत नाही.

कनेक्टर मात्र नवे लावा, जुन्या केबलच्या दोन्ही टोकांचे. मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर दीड-दोन मिलिमीटर येऊ द्या. जाळीची एकही तार मधल्या तारेला शिवता कामा नये. तिथे १३ व्होल्ट आहेत. एक केसभर तार शिवली तर एलएनबीचा पुरवठा शॉर्ट, आणि सगळ्या कार्डांत त्यासाठी संरक्षण असेलच असं नाही. म्हणून पीसी बंद करून, शक्यतो प्लग काढून मगच केबल लावा-काढा. कार्डावर वीजपुरवठ्याचं वेगळं सॉकेट असेल तर एसएमपीएसची (पीसीच्या पॉवर सप्लायची) तार त्याला जोडाच. एक्स१ स्लॉट १२ व्होल्टवर अर्धाच अँपिअर देतो. तार विसरली तर कार्ड ओळखलं जातं, एलएनबी मात्र उपाशी.

टक्स_पेठेत

टीव्हीहेडएंडची बाजू थोडक्यात. नेटवर्क डीव्हीबी-एस प्रकारचं, ऑर्बिटल पोझिशन ९३.५ पूर्व. तयार मक्सची यादी निवडू नका, ती बहुधा जुनी असते. एक मक्स हाताने टाका (११०९०, व्ही, २९५००, डीव्हीबी-एस) आणि नेटवर्क डिस्कव्हरी चालू ठेवा. बाकीचे त्यातून सापडले नाहीत तर हाताने भरा. तेव्हा डिलिव्हरी सिस्टिम एस की एस२ हे बरोबर निवडा, चुकीचं असेल तर 'स्कॅन फेल' येतं आणि सिग्नल नाही असा भास होतो.

दोन्ही ट्यूनरना सॅटकॉन्फिग 'युनिव्हर्सल एलएनबी ओन्ली' द्या आणि दोन्हींना हेच नेटवर्क जोडा. स्प्लिटर आहे म्हणून दुसऱ्याला पहिल्याचा स्लेव्ह करा, म्हणजे पुढे कधी हॉरिझाँटलचा मक्स चुकून यादीत शिरला तरी दोघांची ओढाताण होणार नाही. आयडल स्कॅन (रिकाम्या वेळी आपोआप चॅनेल शोधणं) बंद. काही चॅनेल यादीत येऊन 'स्क्रॅम्बल्ड' दाखवतील, ते त्याच उपग्रहावरच्या पेड सेवेचे. मॅप करताना 'एन्क्रिप्टेड' वरची खूण काढा, यादी स्वच्छ राहील.

रेकॉर्डिंगला एसडी चॅनेल साडेतीन मेगाबिटचा धरला तर तासाला दीड जीबीच्या आसपास. साधी हार्ड डिस्क पुरते.

पन्नास_हर्ट्झ

चित्राबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. हे चॅनेल ५७६आय आहेत, सेकंदाला ५० फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं). पीसी ६० हर्ट्झवर असेल तर बातम्यांखालची पट्टी दर काही क्षणांनी अडखळते, क्रिकेटमध्ये कॅमेरा फिरला की जास्तच. लोक याला सिग्नलचा दोष समजतात. कोडीत 'ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' हे 'ऑन स्टार्ट/स्टॉप' ला ठेवा आणि परवानगीच्या यादीत १०८०पी ५० हर्ट्झ टिकमार्क करा. डीइंटरलेसिंग (ही अर्धी चित्रं पूर्ण करणं) व्हीएएपीआयचं मोशन कॉम्पेन्सेटेड निवडा. तुमच्या आय३ च्या ग्राफिक्सला एमपीईजी-२ आणि एच.२६४ दोन्ही हार्डवेअरवर झेपतं.

कर्वेनगरी

६९०२, युनिव्हर्सल एलएनबी, डीसी पासचा स्प्लिटर, नवे कनेक्टर. छत्री सध्या ६० ची ठेवून एसएनआर बघतो. शेवटचं: पीसी रात्री सस्पेंड करतो. ट्यूनर जागा होतो का? आणि गच्चीवरच्या कनेक्टरला साधी काळी टेप पुरेल?

टक्स_पेठेत

जागा होतो, पण बाहेरून बांधलेल्या ड्रायव्हरचा भरवसा नाही. सस्पेंडच्या आधी टीव्हीहेडएंड बंद करून मोड्यूल काढणारी आणि उठल्यावर दोन्ही परत लावणारी छोटी स्क्रिप्ट सिस्टिमडीच्या स्लीप फोल्डरमध्ये टाका. रात्रीचं रेकॉर्डिंग लावणार असाल तर आरटीसीवेकने वेळेच्या पाच मिनिटं आधी उठवा.

गच्चीचा_पाना

काळी पीव्हीसी टेप पुण्याच्या उन्हात मे महिन्यापर्यंत चिकट होऊन सुटते, आणि जूनमध्ये पाणी आत. सेल्फ अमाल्गमेटिंग रबर टेप घ्या, ताणून निम्मी निम्मी चढवत खालून वर गुंडाळा, म्हणजे पागोळ्या जोडावरून घसरतात. एलएनबीपाशी केबलचा एक लोंबता वळसा सोडा, थेंब कनेक्टरकडे न जाता वळशाच्या तळाशी गळतो. पाणी जाळीतून केबलच्या आत शिरलं की ते खाली-खाली उतरत कार्डापर्यंत येऊ शकतं, आणि तेव्हा तीस मीटर केबल बदलायला लागते.

वळवाच्या दिवसांत कडकडाट सुरू झाला की पीसीमागची केबल काढून ठेवा, आणि छत्रीचा खांब इमारतीच्या अर्थिंगला जोडून घ्या. मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी ठरावीक वेळेला थोडी मिनिटं चित्र गेलं तर पाना हातात घेऊ नका. सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे आलेला असतो.

डीबीमीटर

आणि ६९०२ स्लॉटमध्ये बसवताना आजूबाजूला हवा खेळेल असं बघा. ही कार्डं बरीच तापतात. टीव्हीखालच्या बंद कपाटात पीसी असेल तर कार्डावर वारा जाईल असा एक ८० मिमीचा पंखा कमी वेगाने लावा. तासभर नीट चालून मग दोन्ही ट्यूनरवर एकदम खाड-खाड तुटायला लागलं, आणि पीसी थंड झाल्यावर परत ठीक, तर ती उष्णता आहे.